गोदावन्संची बिनअर्थाची गाणी

गोदावन्सं गेल्या त्या सकाळी आम्हाला कुणाकडे निरोप धाडावा लागला नाही. माझा मुलगा पायरीवर येऊन उभा राहिला, समोरच्या किराणा दुकानदारानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्धं वर केलेलं शटर पुन्हा खाली ओढलं. तेवढ्यावर आमच्या मस्तगड भागात बातमी पसरली. अंगण भरलं, मग गल्ली भरली. फेटेवाले आले, टोपीवाले आले, बुरखा घातलेल्या दोघीतिघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून आल्या. आता महिना उलटून गेला तरी माणसं येतातच. बसतात, पाणी पितात, बाईंचं वय झालं होतं म्हणतात, आणि जरा वेळानं हळूच तेच विचारतात, "बाईंचं ते गाणं तुम्हाला सगळं येतं का हो?" मला येतं. पण ते गाणं आमच्या घरात कसं जन्मलं हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहायला बसले.

मी तीर्थपुरीची. शेतकऱ्याच्या घरातून लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि माझं वय पंधरा होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरे, म्हणजे अण्णा, माझे यजमान, आणि यजमानांची मोठी बहीण गोदावरी. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला नावानं हाक मारायच्या, "शांते!" वन्संचं लग्न परतूरला कापसाच्या आडतीवाल्यांकडे झालेलं. वर्ष सरायच्या आत नवरा हैदराबादेला कामाच्या निमित्तानं गेला आणि तिथंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. सासरच्यांनी वन्संना माहेरी आणून सोडलं. कारण काय, तर बाई फार बोलते आणि मोठ्यानं हसते. मला हे लग्नाआधीच कुणीतरी कानात सांगितलं होतं, त्यामुळे मी डोळे सुजलेली, कोपऱ्यात बसलेली नणंद डोळ्यांपुढे ठेवून उंबरा ओलांडला. माप लवंडलं, आणि आतून पहिला आवाज आला तो खळखळून हसण्याचा. मी माप जरा जोरातच लाथाडलं होतं. तांदूळ थेट भटजींच्या मांडीवर गेले होते. "हात्तिच्या! जोरकस आहे की आपली नवरी," वन्सं म्हणाल्या. त्या क्षणाला माझी भीती गेली, ती पुन्हा त्या घरात कधी आली नाही.

अण्णा वकील होते. कोर्टाचं सगळं कामकाज तेव्हा उर्दूत चाले. अर्ज उर्दूत, जबान्या उर्दूत, निकाल उर्दूत. अण्णांची उर्दू अशी की शेजारचे हमीदसाहेब, जे स्वतः वकील होते, ते एखादा शब्द अडला की भिंतीपलीकडून अण्णांना विचारत. आम्हा बायकांना मात्र बाजारापुरतीच उर्दू यायची. जल्दी, बराबर, बिलकुल, खर्चा, एवढ्यावर आमचं काम भागे. हे सांगून ठेवायचं कारण असं की पुढचा सगळा तंटा याच्यावरूनच झाला.

जालन्यात बोलपट लागू लागले होते. बायकांना बसायला वेगळी जागा असे, तिला जनाना म्हणत. तिच्यापुढे जाड पडदा, दिवे मालवले की तो वर जायचा आणि दिवे लागायच्या आत खाली यायचा. वन्सं शेजारणींबरोबर एक बोलपट पाहून आल्या. गोष्ट त्यांना अर्धीच कळली, पण त्यातलं एक गाणं त्यांनी घरी आणलं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चाल सुंदर होती. ताक घुसळताना, धुणं वाळत घालताना, भाकरी थापताना तेच सुरू. त्यांचा आवाज काही शिकवलेला नव्हता, पण मोकळा होता, वाऱ्यावर धरलेल्या धोतरासारखा फुगायचा.

अण्णा कोर्टातून आले. शेरवानीची बटणं काढता काढता थांबले. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा तांबडा होत गेला.

"गोदे, तू काय म्हणून राह्यलीस?"

"पिक्चरमधलं गाणं, अण्णा."

"त्याचा अर्थ कळतो का तुला?"

"न्हाई बा. काय आहे अर्थ?"

कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण नवऱ्यानं टाकलेल्या आपल्या लेकीला त्या गाण्याचा अर्थ कसा सांगणार? त्यात आधी विरह होता आणि मग विरह संपल्यावर काय काय करायचं ते होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "या घरात त्या शब्दांचं गाणं पुन्हा ऐकू येता कामा नये. बिलकुल न्हाई." आणि आत निघून गेले.

वन्संनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी त्या जात्यावर बसल्या, मी घास घालत होते, आणि तीच चाल सुरू झाली. मी घाबरून त्यांचा हात धरला. त्यांनी डोळ्यांनीच 'थांब' म्हटलं आणि पुढं म्हणू लागल्या...

घुर्रुक घुर्रुक घुमरी घो,
टिंबक टिंबक टुमरी टो,
अल्लक झल्लक ताकाची ढल्लक,
घुर्रुक घुमरी घो!

चाल तीच, एक मात्रा इकडची तिकडं नाही. शब्द मात्र जात्याचे, रवीचे, रांजणात टपकणाऱ्या पाण्याचे. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. ओसरीवर अण्णा आणि हमीदसाहेब कागद चाळत बसले होते. अण्णा ताडकन उठून आत आले.

"गोदे! मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही शब्द बंद केले होते अण्णा," वन्सं जात्याचा खुंटा न सोडता म्हणाल्या, "हे शब्दच न्हाईत. कोणत्या भाषेतले आहेत, सांगा तुम्ही. एका तरी शब्दाचा अर्थ निघाला तर मी तोंड शिवून घेते."

अण्णा खरंच विचार करू लागले. 'घुमरी'वर ते जरा अडखळले असावेत. बाहेरून हमीदसाहेबांचा आवाज आला, "वकीलसाब, मुकदमा खारिज! बेटी जीत गई." आणि अण्णा हसले. मिशीत हसायची त्यांची सवय होती, पण त्या दिवशी दात दिसले. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर वन्संना अडवणारं कुणी उरलं नाही. जो बोलपट येईल त्यातली चाल उचलायची आणि शब्द आपले घालायचे. बारशाला, डोहाळजेवणाला त्यांना बोलावणं येऊ लागलं. शब्दांना अर्थ नाही म्हटल्यावर सासूसमोर सून म्हणू शकायची, सासऱ्याच्या कानावर गेलं तरी बिघडत नसे. आणि गंमत अशी की लवकरच पडद्यावरही तसंच काही येऊ लागलं. कुटुंबाच्या गोष्टींचे बोलपट निघाले. मोठं घर, चिडका आजोबा, विनोदी मामा, खोडकर पोरं, आणि कुठंतरी सगळे जेवायला बसलेले असताना एकजण ताटावर ठेका धरणार आणि 'डिंगडा डांगडा डूम' असलं काहीतरी सुरू करणार. मग आजोबापासून नातवापर्यंत एकेक ओळ ज्यानं त्यानं घ्यायची. पुढं आयुष्यात चांगल्या कवींची पुष्कळ गाणी ऐकली, पण मला वाटतं ती गाणी लिहिणाऱ्यांना एक पक्कं ठाऊक होतं. प्रेमाचं गाणं दोघांचं असतं, भजन देवाचं असतं. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत, न लाजता एकदम म्हणायचं तर त्यात अर्थ ठेवून चालत नाही. अर्थ आला की कुणाला तरी उठून जावं लागतं.

असला एक बोलपट फार घरंदाज आहे असं हमीदसाहेबांनी सांगितलं, म्हणून अण्णा स्वतः आम्हाला घेऊन गेले. ते पुरुषांत बसले, आम्ही जनान्यात. ताटावरचं गाणं लागलं तेव्हा सगळं थिएटर हातानं ठेका देत होतं. अण्णांचं काय चाललं होतं ते आम्हाला दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून नेहमीचं स्तोत्र ऐकू आलं, ते मध्येच थांबलं, तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ अगदी खालच्या पट्टीत, "डिंगडा डांगडा डूम..." वन्सं हसून हसून चुलीपुढं खाली बसल्या. अण्णा पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा वन्संनी गंभीर तोंड करून विचारलं, "अण्णा, अर्थ काय हो त्याचा?"

"बिलकुल न्हाई," अण्णा म्हणाले आणि गंध उगाळायला बसले.

वन्संना नोकरी लागली ती या गाण्यांमुळेच. मुलींच्या सरकारी शाळेत सगळं उर्दूतून शिकवत. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतल्या मुली पहिल्या वर्गात जाऊन बसत आणि काही कळत नाही म्हणून रडत घरी येत. वन्सं शेजारच्या एका मुलीला पोचवायला गेल्या होत्या. वर्गात निम्म्या मुली रडत होत्या. वन्सं दारातच खाली बसल्या आणि 'घुर्रुक घुर्रुक' सुरू केलं. मराठी मुली थांबल्या, तशा उर्दू बोलणाऱ्या मुलीही वळून बघू लागल्या, तेलुगू घरच्या दोघी होत्या त्या टाळ्या पिटू लागल्या. शाळेच्या मोठ्या बाई, त्यांना उस्तानी म्हणत, बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, ये कौनसी ज़बान है? वन्सं म्हणाल्या, "कुणाचीच न्हाई बाई. म्हणून कुणालाच अवघड जात न्हाई." उस्तानींना मराठी किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी अण्णांकडे माणूस पाठवला. वन्सं मराठी चौथी शिकलेल्या होत्या. अण्णांनी सबंध पावसाळाभर रोज संध्याकाळी त्यांना उर्दू शिकवली, अलिफपासून. बाप-लेक ओसरीवर पाटी घेऊन बसत आणि भिंतीपलीकडून हमीदसाहेब उच्चार सुधारून देत. दिवाळीनंतर वन्संना पहिल्या वर्गाची बाई म्हणून घेतलं. चप्पल घालून, डोक्यावरून पदर घेऊन त्या पहिल्यांदा शाळेत निघाल्या, तेव्हा अण्णा कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्या वळणाआड होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

आणि नेमका त्याच सुमारास नवरा आला.

हैदराबादचं बिऱ्हाड मोडलं होतं. परतूरला आई अंथरुणाला खिळली होती. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि अण्णांना म्हणाला, "झालं गेलं विसरा मामा. मी न्यायला आलो. मात्र ती शाळा, ती पिक्चरची गाणी, हे बंद करावं लागेल. आमच्या परतूरपर्यंत बोभाटा आल्ता." गल्लीतल्या जाणत्या माणसांना बरं वाटलं. टाकलेल्या बाईला नवरा आपण होऊन न्यायला येतो, आणखी काय पाहिजे? माझे यजमानसुद्धा म्हणाले, अक्काचं कल्याण होईल. इतकी वर्षं अण्णा या दिवसाची वाट बघत होते, हे मला माहीत होतं.

वन्सं आतून आल्या. दाराआड राहून बोलायची रीत, पण त्या सरळ पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"एक विचारू का? बायकोला न्यायला आलात, का आईला सांभाळणारीला?"

तो माणूस वाईट नव्हता, कमकुवत होता. खोटं त्याला बोलता आलं नाही. खाली बघून म्हणाला, "आई म्हणली, तिला आण."

"मंग मी आईंसाठी येते," वन्सं म्हणाल्या. "शाळेला सुट्टी लागली की येते. त्यांचं सगळं करते. पण नांदायला न्हाई येत. शाळा सुरू झाली की मी माघारी."

नवऱ्यानं अण्णांकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "ती म्हणते ते बराबर आहे," ते म्हणाले. बस, एवढंच.

सुट्टी लागल्यावर वन्संना पोचवायला अण्णा आणि मी जालना स्टेशनवर गेलो. गाडी यायच्या आधी अण्णांनी तिकीट आणून वन्संच्या हातात ठेवलं. जायचं आणि यायचं, दोन्ही. "याची मुदत संपली तर तार कर," ते म्हणाले, "मी न्यायला येतो." वन्संच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्याच दिवशी. सोडून दिलेल्या बाईचं पाणी ते नव्हतं.

परतूरला त्यांनी सासूचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, पाय चेपले. ज्या बाईनं मोठ्यानं हसते म्हणून घरातून काढलं, तिनंच तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हटलं म्हणे, "गोदा, ते तुझं बिनअर्थाचं काय आहे ते म्हण की. पडल्या पडल्या जीव कंटाळतो." वन्संनी म्हटलं. म्हातारी हसली, मग रडली, मग पुन्हा म्हण म्हणाली. सुट्टी संपायच्या आधी म्हातारी गेली. दिवस करून वन्सं जालन्याला परत आल्या, आणि सोमवारी शाळेत हजर.

मग सन अठ्ठेचाळीस आलं. त्या उन्हाळ्याबद्दल मी इथं फार लिहीत नाही. गावं ओस पडत होती, माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जात होती, संध्याकाळ झाली की गल्लीतली दारं लागत. आमच्या घरात महिनोन्‌महिने कुणी चाल धरली नाही. पाऊस सरता सरता निजामाचं राज्य गेलं. आता भीती भिंतीच्या पलीकडं गेली. हमीदसाहेबांच्या घरातला दिवा लवकर मालवू लागला. अण्णा रोज सकाळी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळ्यांना दिसेल असे तासभर बसत.

शाळा पुन्हा उघडली ती मराठीतून. वन्सं पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या आणि चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसल्या. "शांते, मागं आपली लेकरं रडत होती, आता त्यांची रडतात. तेवढाच फरक." हमीदसाहेबांची नात रझिया त्याच वर्गात होती. तिला मराठी यायचं, गल्लीत खेळून वाढलेली पोर, पण ती त्या दिवशी तोंडच उघडेना. दुसऱ्या मुलीही तिच्याजवळ बसायला तयार नव्हत्या. आईबापांचं ऐकून आल्या असतील.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले होते, म्हणून मला हे डोळ्यांनी पाहायला मिळालं. वन्संनी पुस्तक बाजूला ठेवलं. मुलींना गोल बसवलं, रझियाला आपल्या शेजारी. "आज कुणी मराठी बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या, "उर्दूपण न्हाई." आणि सुरू केलं. पहिली ओळ एकट्यांनीच म्हटली, दुसरीला दोघीतिघी आल्या. 'टिंबक टिंबक'ला रझियाच्या ओठांची हालचाल मला दिसली. चौथ्या ओळीला तिनं शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसलं, कारण ती ठेका चुकत होती. ती मुलगी रागावून बघू लागली आणि मग दोघी एकदम हसल्या. वन्सं नुसत्या मान हलवत ठेका देत राहिल्या. बुरख्यातल्या ज्या म्हाताऱ्या वन्सं गेल्या त्या सकाळी हातात हात घालून आल्या होत्या, त्यांतली एक रझिया.

पुढची तीसएक वर्षं वन्सं त्याच शाळेत, त्याच पहिल्या वर्गात राहिल्या. वरचा वर्ग घ्या म्हटलं तर नको म्हणत. निवृत्त झाल्या तरी गल्लीतली पोरं ओसरीवर असायचीच. अण्णा गेले, हमीदसाहेब गेले, माझे यजमान गेले. आम्ही दोघीच जुन्या उरलो.

गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाणी म्हणायला जायच्या तर भलताच आवाज निघायचा, आणि त्या स्वतःवरच चिडायच्या. डॉक्टर म्हणाले, शब्द आता परत यायचे नाहीत. मी रोज त्यांच्याजवळ बसायची. एका दुपारी मी केस विंचरत असताना त्यांनी चाल धरली. ओळखीची, तीच पहिली. मी म्हटलं, घुर्रुक घुर्रुक येणार. पण नाही... स्वच्छ, न अडखळता, बोलपटातल्या त्या मूळ गाण्याचे शब्द येऊ लागले. साठ वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. पहिल्या ओळीपासून, एकेक उर्दू शब्द जागच्या जागी, आणि कुठं थांबायचं, कुठं आवाज हळू करायचा, हे अर्थ ठाऊक असल्याशिवाय कुणाला जमणार नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्हाला अर्थ माहीत होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण पुरतं हसत होती. डावा हात उचलून त्यांनी भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे बोट दाखवलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

त्यांची खोली अजून तशीच आहे. सून म्हणते, आवरू या. आवरू, घाई काय आहे. खिडकीतून सकाळचं ऊन त्यांच्या खाटेवर येतं, तिथं बसून मी भाजी निवडते. परवा निवडून झाली, चहा ठेवला, गाळायला घेतला, तर सून दारात येऊन उभी राहिली. "आई, हे काय म्हणून राह्यलात तुम्ही?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जन्मभर मी त्यांच्या मागोमाग म्हणत आले, स्वतःहून एक शब्द कधी जोडला नव्हता. आणि आता तोंडातून निघत होतं, "सळ्ळक सळ्ळक साखरी सो, फुळ्ळुक फुळ्ळुक..." पुढचं अडलं.

"अर्थ काय त्याचा?" सुनेनं विचारलं.

"काही न्हाई गं," मी म्हटलं. "कप घे, आणि पुढचं तू सांग."

ती जरा लाजली. मग बशी कपाखाली सरकवत हळूच म्हणाली, "फुर्रुक फो."

मात्रा बरोबर बसली.